देहगंध, सुगंध आणि लोकमानस

मनुष्य समोर आला की त्याचे रूप दिसते, त्याची वाणी ऐकू येते आणि या दोहोंबरोबर त्याचा गंधही आपल्यापर्यंत पोहोचतो. रूपाविषयी व वाणीविषयी लोक मोकळेपणाने मत देतात. गंधाविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. ज्याच्या अंगाला घामाचा उग्र दर्प येतो त्याच्यापासून माणसे जरा अंतर राखून बसतात, बोलणे आटोपते घेतात, पण कारण सांगत नाहीत. उलट, मंद सुवास असलेल्या व्यक्तीविषयी 'माणूस प्रसन्न वाटला' एवढेच म्हटले जाते. त्या प्रसन्नतेत गंधाचा वाटा किती, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक नसते.

महाभारतातील सत्यवतीची कथा या दृष्टीने मोठी बोलकी आहे. धीवराच्या घरी वाढलेली ही कन्या प्रथम 'मत्स्यगंधा' म्हणून ओळखली जात होती. पराशरांच्या वराने तिचा देहगंध पालटला आणि ती 'योजनगंधा' झाली. पुढे राजा शंतनू यमुनेच्या काठी आला तो एका अवर्णनीय सुवासाचा माग काढीत. सत्यवतीचे दर्शन त्याला त्यानंतर झाले. कन्या तीच, कुळ तेच, गुणही तेच. गंध बदलला आणि जगाची तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. गंधाचे सामर्थ्य या कथेत आहे आणि गंधावरून माणसाची पारख करण्यातील अन्यायही याच कथेत आहे.

वैद्य व औषधालयचालक यांच्यासाठी हा विषय केवळ सौंदर्यप्रसाधनाचा नाही. अंगाच्या दर्पाने संकोचलेला रुग्ण आपल्याकडे येतो, सुगंधी उटणी, तेले व अत्तरे आपल्या दुकानातून विकली जातात आणि स्वतः आपलाही गंध रुग्णाच्या मनावर परिणाम करीत असतो. या तिन्ही अंगांनी या विषयाचा विचार करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

शास्त्रकारांनी लावलेला क्रम

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिनचर्येचे वर्णन येते. त्यातील उपक्रमांचा क्रम लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. अभ्यंगानंतर शरीरपरिमार्जन, त्यानंतर स्नान, त्यानंतर निर्मल वस्त्रधारण आणि त्याही नंतर गंधमाल्यधारण सांगितले आहे. परिमार्जनाच्या फलश्रुतीत दुर्गंध, जडत्व, तंद्रा, कंडू व मल यांच्या नाशाबरोबरच घामामुळे येणारी बीभत्सता दूर होते असे म्हटले आहे. बीभत्सता ही स्वतःला वाटण्यापेक्षा दुसऱ्याला अधिक वाटते. म्हणजे लोकांना आपण कसे वाटतो याचा विचार आचार्यांनी येथेच केलेला दिसतो. निर्मल वस्त्राला त्यांनी 'पारिषद' हे विशेषण लावले आहे; सभेत बसण्यास योग्य, असा त्याचा भाव. गंधमाल्याच्या गुणांत सौगंध्याबरोबर सौमनस्य, म्हणजे मनाची प्रसन्नता, गणली आहे.

या क्रमाचा अर्थ स्पष्ट आहे. मल दूर झाला, त्वचा स्वच्छ झाली, वस्त्र शुद्ध झाले, मग सुगंध. आजच्या धकाधकीच्या जीवनात हा क्रम नेमका उलटा झाला आहे. कालचाच सदरा अंगात चढवून त्यावर सुगंधी फवारा मारून घराबाहेर पडणारे तरुण आपण रोज पाहतो. घामाचा दर्प आणि कृत्रिम सुवास यांच्या मिश्रणातून जो तिसराच गंध निर्माण होतो, तो मूळ दर्पापेक्षाही अप्रिय असतो, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे.

आपल्या पूर्वजांनी गंधशास्त्राला गौण मानले होते असे मात्र नाही. चौसष्ट कलांत 'गंधयुक्ती'ची गणना होते. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत या विषयाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. सोळा द्रव्यांतून कोणतीही चार निवडण्याचे १८२० प्रकार होतात, हा हिशेबही त्याने तेथे मांडला आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या 'मानसोल्लासा'त स्नान, विलेपन व धूप यांचे सविस्तर वर्णन आहे. मराठी वाचकांना विशेष अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे 'गंधवाद' हा ग्रंथ मराठी टीकेसह उपलब्ध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी त्याच्या हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि गंगाधराच्या 'गंधसारा'सह तो १९८९ साली बडोद्याहून प्रसिद्ध झाला. अत्तरांच्या पाककृती मराठीतून समजावून सांगण्याची गरज कोणा जुन्या पंडिताला वाटली होती, ही गोष्ट पुरेशी सूचक आहे.

घ्राण आणि मन

नासा हे शिराचे द्वार आहे, हे नस्यचिकित्सेचे मूलभूत तत्त्व वैद्यवर्गाला सांगावयास नको. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानानेही घ्राणेंद्रियाचे वेगळेपण मान्य केले आहे. दृष्टी, श्रवण व स्पर्श यांच्या संवेदना मेंदूतील थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. गंधाची संवेदना मात्र या टप्प्यावर न थांबता भावना व स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या भागांपर्यंत जवळजवळ थेट पोहोचते. त्यामुळे गंधाचे नाव आठवण्याआधीच तो आवडला की नावडला, हे ठरून गेलेले असते. लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली गंधग्राहकांच्या जनुकांचा शोध प्रसिद्ध केला आणि २००४ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्यात असे सुमारे ४०० कार्यक्षम ग्राहक आहेत आणि त्यांत व्यक्तिपरत्वे फरक असतो. एकच अत्तर एकाला मोहक आणि दुसऱ्याला उग्र वाटते, याचे एक कारण येथे सापडते. दुसरे कारण स्मृतीत असते. वाळ्याच्या वासाने ज्याला आजोळचा उन्हाळा आठवतो आणि ज्याला काहीच आठवत नाही, त्या दोघांचा वाळा वेगळा.

घ्राणेंद्रियाचा आणखी एक धर्म ध्यानात ठेवावा. सतत येणाऱ्या गंधाला ते लवकर सरावते. अत्तर लावणाऱ्याला थोड्याच वेळात आपलाच सुवास जाणवेनासा होतो. तो उडाला असे समजून तो पुन्हा लावतो. समोरच्याला मात्र प्रत्येक वेळी संपूर्ण मात्रा मिळते. आपल्या अंगाच्या दर्पाविषयीही हेच घडते. ज्याचा त्याला येत नाही, म्हणून तो निर्धास्त असतो.

प्रयोगांचे निष्कर्ष

सुगंधाने आपली प्रतिमा उजळते, असे जाहिराती सांगतात. प्रत्यक्ष प्रयोगांतून निघालेले निष्कर्ष याहून सूक्ष्म आहेत आणि ते आपल्या परंपरेतील संयमाच्या उपदेशाशी जुळणारे आहेत.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॅरन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणांना एका अपरिचित तरुणीची भेट घडवून तिच्याविषयी मत विचारले. तरुणी साध्या वेषात असताना सुगंधामुळे ती अधिक आकर्षक वाटली. तीच नीटनेटक्या औपचारिक वेषात असताना सुगंधाचा परिणाम उलट झाला. १९८३ साली त्यांनी नोकरीच्या मुलाखतीविषयी असाच प्रयोग केला. तेव्हा पुरुष परीक्षकांनी सुगंध लावलेल्या उमेदवारांना कमी गुण दिले, तर स्त्री परीक्षकांनी अधिक दिले. सुगंध स्वतः चांगला असला तरी स्थळ, वेष आणि समोरची व्यक्ती यांच्याशी तो जुळला पाहिजे, असा याचा अर्थ.

२००७ साली अमेरिकेतीलच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी आणखी उद्बोधक प्रयोग केला. सहभागी व्यक्तींना चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवण्यापूर्वी अत्यल्प मात्रेत गंध दिला गेला. कधी लिंबासारखा प्रिय, कधी घामासारखा अप्रिय. मात्रा इतकी सूक्ष्म होती की पुष्कळांना गंध आल्याचे समजलेही नाही. ज्यांना तो समजला नाही, त्यांच्याच मतावर त्याचा प्रभाव पडला. प्रिय गंधानंतर चेहरा अधिक आवडला, अप्रिय गंधानंतर कमी. ज्यांना गंध जाणवला, त्यांनी जणू त्याचा हिशेब वजा करूनच मत दिले. जो सुवास लक्षात येत नाही तो काम करतो आणि जो लक्ष वेधून घेतो तो आपले सामर्थ्य गमावतो, असा हा निष्कर्ष अत्तराची कुपी हाती घेणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावा.

इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठाच्या क्रेग रॉबर्ट्स व सहकाऱ्यांनी २००९ साली वेगळ्याच अंगाने विचार केला. काही तरुणांना सुगंध व जंतुनाशक द्रव्य असलेला फवारा वापरावयास दिला, काहींना त्यांविरहित दिला. नंतर त्यांचे मूक चित्रण स्त्रियांना दाखवले. स्त्रियांपर्यंत गंध पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता; तरीही सुगंधी फवारा वापरणारे तरुण त्यांना अधिक आकर्षक वाटले. स्थिर छायाचित्रांत मात्र असा फरक दिसला नाही. सुगंधामुळे लावणाऱ्याचा आत्मविश्वास वाढला, त्याच्या हालचाली व चर्या बदलल्या आणि तो बदल पाहणाऱ्यांना भावला. चरकाचार्यांनी गंधमाल्याचे फळ सांगताना सौमनस्य का म्हटले असावे, याचा उलगडा येथे होतो. सुगंध प्रथम धारण करणाऱ्याचे मन प्रसन्न करतो. लोकांना दिसते ते त्या प्रसन्नतेचे प्रतिबिंब.

प्राग येथील संशोधकांनी २०१२ साली असे दाखविले की व्यक्तीने स्वतः निवडलेले अत्तर तिच्या देहगंधाशी मिसळल्यावर, दुसऱ्याने ठरवून दिलेल्या अत्तरापेक्षा इतरांना अधिक सुखद वाटते. देहगंध व अत्तर यांचा संयोग व्यक्तीगणिक वेगळा असतो. प्रकृतिविचार करणाऱ्या वैद्याला यात आश्चर्य वाटू नये.

दर्पामागील कारणांचा शोध

ताजा घाम जवळजवळ गंधहीन असतो. काखेतील विशिष्ट ग्रंथींच्या स्रावावर त्वचेवरील जिवाणूंची क्रिया झाली म्हणजे दर्प निर्माण होतो. या स्रावाचे प्रमाण व स्वरूप काही अंशी जन्मजात असते. पूर्व आशियातील पुष्कळ लोकांत एका विशिष्ट जनुकभेदामुळे काखेचा दर्प अत्यल्प असतो. आयुर्वेदाने याच निरीक्षणाची मांडणी आपल्या परिभाषेत केली आहे. पित्ताच्या विस्र गुणामुळे पित्तप्रकृतीच्या व्यक्तींच्या काखा, मुख, शिर व शरीर यांना गंध अधिक येतो, असे चरकाच्या विमानस्थानात म्हटले आहे. अशा व्यक्तीचा दर्प हा रोग नव्हे आणि अस्वच्छतेचा पुरावाही नव्हे; तो तिचा प्रकृतिधर्म आहे, हे तिला समजावून सांगणे हीच अर्धी चिकित्सा होय.

परंतु पूर्वी नसलेला दर्प नव्याने येऊ लागला तर वैद्याने सावध व्हावे. स्वेद हा मेदाचा मल. अतिस्थूल व्यक्तीच्या आठ दोषांत दौर्गंध्याची गणना आहे. प्रमेहाच्या पूर्वरूपांत शरीराला विस्र गंध येणे सांगितले आहे. श्वासाला फळासारखा गोडसर वास येत असेल आणि रुग्ण मधुमेही असेल तर ती आणीबाणी समजून तात्काळ रुग्णालयात पाठवावे. यकृत व वृक्क यांच्या गंभीर विकारांतही श्वासगंध बदलतो. माशासारखा गंध येणारा एक दुर्मिळ आनुवंशिक चयापचयविकार आहे; त्यात अंडी, मासे इत्यादी पदार्थ कमी केल्याने आराम पडतो. मुखदुर्गंधीचे कारण तर पुष्कळदा हिरड्या व जिभेवरील मलातच सापडते.

गंधावरून रोगाचा सुगावा लागतो, या आपल्या आचार्यांच्या मताला अलीकडे पुष्टी मिळत आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१४ साली दाखविले की शरीरात दाहजनक प्रतिक्रिया निर्माण केल्यावर काही तासांतच त्या व्यक्तीचा देहगंध इतरांना अप्रिय वाटू लागतो. स्कॉटलंडमधील जॉय मिल्न या परिचारिकेला पतीच्या देहगंधातील बदल कंपवाताचे निदान होण्यापूर्वी कित्येक वर्षे जाणवला होता. तिच्या घ्राणशक्तीच्या आधारे मँचेस्टर येथील शास्त्रज्ञांनी संशोधन केले आणि कंपवाताच्या रुग्णांच्या त्वचेवरील स्निग्ध स्रावात वेगळी द्रव्ये आढळल्याचे २०१९ साली जाहीर केले. चरकाचार्यांनी विमानस्थानात रुग्णाच्या शरीराचा प्राकृत व वैकृत गंध घ्राणेंद्रियाने तपासावा असे सांगितले आहे. इंद्रियस्थानात तर 'पुष्पितक' नावाचा एक अध्याय आहे. ज्याच्या देहाला विनाकारण नाना फुलांचा गंध येऊ लागतो त्याची ती अवस्था अरिष्टसूचक मानली आहे. म्हणजे सुगंध नेहमी शुभच, असेही शास्त्राने मानलेले नाही.

म्हणून दर्पाची तक्रार घेऊन आलेल्या व्यक्तीच्या हाती पहिल्याच भेटीत सुगंधी चूर्णाची पुडी देणे हे शास्त्रसंमत नव्हे. प्रकृती, आहार, मेद, मूत्र व रक्तातील शर्करा, दंत व जिव्हा यांची तपासणी आधी व्हावी. ज्या लक्षणाने रोग बोलतो आहे, त्या लक्षणाचेच तोंड सुगंधाने बंद केले तर निदान लांबते आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

नसलेल्या दर्पाचे दुःख

याच्या अगदी विरुद्ध टोकाला असणारा एक रुग्ण वैद्यांनी ओळखावयास हवा. आपल्या अंगाला वा तोंडाला दुर्गंध येतो, लोक नाक धरतात, खिडकी उघडतात ती आपल्यामुळेच, असे त्याला सतत वाटत असते. तपासताना वैद्याला मात्र कोणताही गंध येत नाही. तो दिवसातून अनेकदा स्नान करतो, अत्तरांवर पैसा खर्च करतो, लग्नकार्यांना जाणे टाळतो, कधी नोकरीही सोडतो. १९७१ साली प्राईस-फिलिप्स यांनी या अवस्थेचे वर्णन केले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिला स्वतंत्र स्थान मिळाले. अशा रुग्णाला नवे सुगंधी द्रव्य देणे म्हणजे त्याच्या भ्रमाला दुजोरा देणे होय. त्याला हसून वाटेला लावू नये आणि 'थोडा वास येतो खरा' असेही म्हणू नये. घरातील विश्वासू व्यक्तीला सोबत घेऊन, धीराने बोलून त्याला मनोविकारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवावे. आपले नाक त्याच्या मताशी सहमत नाही, हे सौम्यपणे परंतु स्पष्टपणे सांगणे हे आपले काम आहे.

द्रव्यनिवड : ऋतू, प्रकृती, प्रसंग

कारण शोधून झाले, शरीरशुद्धी झाली, म्हणजे सुगंधाची पाळी येते. चरकाचार्यांनी श्रेष्ठ द्रव्यांच्या संग्रहात लेपनद्रव्यांची वाटणी मोठ्या मार्मिकपणे केली आहे. दुर्गंध व दाह दूर करणाऱ्या लेपांत चंदन श्रेष्ठ; दाह, त्वग्दोष व स्वेद यांवर लामज्जक व उशीर श्रेष्ठ; शीत दूर करण्यास रास्ना व अगुरू श्रेष्ठ. ऋतुचर्येतही हेच सूत्र आहे. हेमंतात अगुरूचा दाट लेप, वसंतात चंदन व अगुरू, ग्रीष्मात चंदन. शरदात वाग्भटाचार्यांनी चंदन, उशीर व कर्पूर सांगितले आहेत. भर वैशाखात ऊद वा कस्तुरीच्या धाटणीचे उष्ण, जड अत्तर लावून गर्दीच्या लोकलमध्ये शिरणारा मनुष्य ऋतुचर्या आणि सहप्रवासी या दोहोंचाही अपराध करीत असतो.

नित्य उपयोगासाठी आपल्या घरांतून चालत आलेले दिवाळीचे उटणे अजूनही अनुकरणीय आहे. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गव्हलाकाचरी, आंबेहळद, चंदन यांचे वस्त्रगाळ चूर्ण मल काढते आणि मागे अगदी सौम्य सुवास ठेवते. ते वर्षातून चारच दिवस का वापरावे? काखेत दर्प अधिक येणाऱ्यांनी स्नानानंतर ओल्या त्वचेवरून तुरटीचा खडा फिरवण्याचा जुना उपाय करून पाहावा. मात्र त्वचा सोललेली वा नुकतीच दाढीचे पाते फिरवलेली असल्यास तो टाळावा. अत्तर लावावयाचेच तर एक थेंब पुरे. हात लांब केल्यावर समोरच्या माणसाला आपला सुवास यावा आणि हात मागे घेतल्यावर न यावा, एवढी मर्यादा राखली म्हणजे झाले.

आपल्या समाजातील सुगंधाच्या रीतींत आणखी एक शहाणपण आहे. लग्नमंडपात गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडले जाते, अत्तरदाणीतील अत्तर प्रत्येक पाहुण्याच्या मनगटाला लावले जाते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला अत्तर-गुलाब होतोच. वारीत एकमेकांच्या कपाळी बुक्का लावला जातो. या सर्व प्रसंगी गंध सर्वांना सारखा मिळतो. श्रीमंत, गरीब, दुरून चालत आलेला, घामाने भिजलेला, असे सारे क्षणभर एकाच सुवासाचे होतात. सुगंध दुसऱ्यापेक्षा वरचढ दिसण्यासाठी वापरावा, हा विचार जाहिरातींनी रुजवला. तो वाटून घ्यावा, हा आपला रिवाज होता.

औषधालयचालकांची जबाबदारी

सुगंधी प्रसाधनांच्या विक्रीत औषधालयचालकांचा वाटा मोठा आहे. ग्राहक 'आयुर्वेदिक' हा शब्द वाचून निर्धास्त होतो, म्हणून पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

चंदनाचे वृक्ष दुर्मिळ झाले आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने १९९८ साली चंदनाला संकटप्रवण जातींत स्थान दिले. तेलाची किंमत त्यामुळे चढी आहे आणि भेसळही तितकीच. आंतरराष्ट्रीय मानकानुसार शुद्ध चंदनतेलात अल्फा-सँटॅलॉल सुमारे ४१ ते ५५ टक्के व बीटा-सँटॅलॉल १६ ते २४ टक्के असावे. पुरवठादाराकडून विश्लेषणाचा दाखला मागण्यात संकोच करू नये. कनौजची अत्तरे तांब्याच्या देगेत ऊर्ध्वपातन करून, भपक्यातील चंदनतेलात सुवास उतरवून बनवण्याची प्रथा होती. आज त्या तेलाच्या जागी पुष्कळदा द्रव पॅराफिनसारखी स्वस्त द्रव्ये वापरली जातात. ती अत्तरे विकू नयेत असे नाही. परंतु चंदनाच्या भावाने व चंदनाच्या नावाने विकू नयेत.

नैसर्गिक सुगंध निरुपद्रवी असतो, ही समजूतही दूर करावी. लिनॅलूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, युजेनॉल हे घटक फुलांच्या व मसाल्यांच्या तेलांत स्वभावतःच असतात आणि काहींच्या त्वचेला त्यांची ॲलर्जी होते. त्यांतील लिनॅलूल व लिमोनीन हवेच्या संपर्काने जुने झाले की अधिक त्रासदायक ठरतात. म्हणून बाटली घट्ट झाकणाची, गडद रंगाची असावी व उन्हात मांडू नये. युरोपीय संघाने २००३ साली असे २६ घटक वेष्टनावर नोंदवणे सक्तीचे ठरवले आणि २०२३ साली ही यादी ८० हून अधिक घटकांपर्यंत वाढवली. निर्यात करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. लिंबूवर्गीय काही तेले व बावची लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी काळवंडते, ही सूचना विक्रीच्या वेळीच द्यावी. नव्या ग्राहकाला कोपराच्या आतल्या बाजूस थोडेसे लावून दोन-तीन दिवस वाट पाहण्यास सांगावे. दमा व अर्धशिशी असलेल्यांना उग्र सुवासाने त्रास होतो, हेही सांगण्यास विसरू नये. अशा सूचनांमुळे एखादी विक्री कमी होईल, पण दुकानावरचा विश्वास वाढेल.

वैद्याचा स्वतःचा गंध

आता आपल्याविषयी. सुश्रुताचार्यांनी व्यवसायात प्रवेश करणाऱ्या वैद्याचे वर्णन केले आहे. नखे व केस कापलेले, देह शुची, शुभ्र वस्त्र, हाती दंड, छत्र, पायी पादत्राण, अनुद्धत वेष, प्रसन्न मन आणि कल्याणकारक वाणी. या वर्णनात सुगंधाचा उल्लेख आढळत नाही. त्याच अध्यायात रोगज्ञानाच्या साधनांत घ्राणेंद्रियाचा समावेश मात्र आहे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे संगती लागते. ज्याला रुग्णाच्या व्रणाचा, श्वासाचा, मलमूत्राचा गंध ओळखावयाचा आहे, त्याने स्वतःभोवती उग्र सुवासाचे वलय ठेवून कसे चालेल? शिवाय ज्वराने, वमनाने वा गर्भावस्थेच्या डोहाळ्यांनी त्रासलेल्या व्यक्तीला वैद्याचे अत्तर असह्य होते आणि संकोचाने ती बोलत नाही. तंबाखूचा, सिगारेटचा वा भरपेट जेवणानंतरच्या लसूणकांद्याचा वास तर रुग्णाच्या मनातील श्रद्धेला धक्का देतो. पथ्य सांगणाऱ्याच्या मुखाला अपथ्याचा वास येणे, याहून मोठी विसंगती कोणती?

चिकित्सालयाचाही एक गंध असतो. स्वच्छ पुसलेली फरशी, मोकळी हवा, काढ्याचा व तेलाचा मंद वास, सकाळी केलेले धूपन. एवढ्याने रुग्णाचे मन निम्मे शांत होते. बंद खोलीत दिवसभर जळणाऱ्या उग्र उदबत्त्यांनी मात्र खोकल्याचा रुग्ण अधिक खोकतो.

आणि शेवटची, परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गंधाने आपलेही मत नकळत बनते. मासळीबाजारातून थेट आलेली कोळीण, माथाडी कामगार, गोठ्यातून उठून आलेला शेतकरी, गटार साफ करून आलेला सफाई कामगार यांच्या अंगाचा वास हा त्यांच्या कष्टाचा वास आहे. आपण नाडीवरून हात लवकर उचलला, प्रश्न दोन कमी विचारले, खुर्ची किंचित मागे सरकवली, तर ते आपल्याला कळत नाही, त्यांना कळते. अशा रुग्णाला तपासताना एक प्रश्न मुद्दाम अधिक विचारावा, नाडीवर हात क्षणभर अधिक ठेवावा. घ्राणेंद्रियाने रोग पारखावा. माणूस पारखण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये.

वाचक वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या नित्य व्यवहारात शुद्धी, निदान, निवड व संयम हा क्रम सांभाळावा आणि रुग्णांनाही तो शिकवावा, एवढीच विनंती.